चारचौघांतलं हसू

"हसण्याचे फायदे सांगायला निघालात, पण हसावं असं हाय काय गावात?" परभणी जिल्ह्यात या विषयावर चार शब्द बोलायला उभं राहिलं की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. कधी पारावरून, कधी सभागृहाच्या मागच्या रांगेतून. विचारणाऱ्याचा रोष वक्त्यावर नसतो. सोयाबीन काढणीला आलं की नेमका पाऊस कोसळतो. कापूस फुटतो तेव्हा वेचायला माणूस मिळत नाही. माल घरात असेतो भाव पडलेला असतो आणि विकून मोकळं झालं की चढतो. पोरगा पदवी घेऊन पुण्याला कंत्राटावर राबतो, नाहीतर घरी बसून भरतीच्या जाहिराती वाचतो. अशा घरात जाऊन ‘हसा, निरोगी राहाल’ असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हसण्यानं पीकविमा मिळत नाही, कर्जाचा हप्ता टळत नाही, भाव वाढत नाही. ज्याचं त्यानं द्यायचं ते द्यायलाच हवं, आणि ते मागणाऱ्याला ‘जरा हसत जा’ असं सांगून कुणी वाटेला लावू नये.

तरीही हे पुस्तक लिहावंसं वाटलं. इतक्या अडचणींतली ही माणसं हसतात, भरपूर हसतात, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. ज्या घरांतून आणि ज्या पारांवरून ते हसू निघून गेलं, तिथली माणसं आतून कशी खचत गेली, तेही पाहिलं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: हसण्याचे शरीराला आणि मनाला जे फायदे होतात, त्यांचा मोठा वाटा सोबतीतून येतो. गोळी एकट्यानं पाण्यासोबत गिळता येते, हसू तसं गिळता येत नाही. त्याला समोर दुसरं माणूस लागतं. त्यामुळे हसण्याच्या आरोग्याचा विचार करायचा तर माणसं कुठं एकत्र बसतात, कुणाला मोकळेपणानं हसता येतं आणि कुणाला येत नाही, हे आधी पाहावं लागतं.

मानवतच्या बाजूचा एक प्रसंग सांगतो. श्रावण होता, कपाशीची खुरपणी चालली होती. सात-आठ बायका पात धरून बसल्या होत्या, आम्ही बांधावर लिंबाच्या सावलीला. पावसानं उघडीप दिली की पडतं तसं चटका देणारं ऊन. बोलणं कमी आणि खुरप्यांचा आवाज जास्त. पातीच्या टोकाला पन्नाशीच्या एक बाई होत्या. मान वर न करताच त्यांनी सुरुवात केली, "सकाळी मालक म्हनले, चहा ठिव. म्या म्हनलं..." आणि मोबाइलमधल्या बाईचा तो थंड, गुळगुळीत आवाज हुबेहूब काढून त्या म्हणाल्या, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या खुरपायला गेली आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा."

एकीच्या हातातलं खुरपं गळालं. दुसरीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला, तरी खांदे हलायचे थांबेनात. मधोमध एक नवी सून होती, तिच्या शेजारी सासू. सुनेनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि तिरक्या नजरेनं सासूकडं पाहिलं. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या, मग त्याच फसकन हसल्या आणि म्हणाल्या, "हास की माय, गुदमरशील." त्यानंतर बराच वेळ ती पात कशालाही हसत होती. कुणी पाणी मागितलं तरी हसू, कुणी "तण लई झालंय" म्हणालं तरी हसू. खुरपी मात्र थांबली नव्हती. उलट पात आधीपेक्षा झपाझप पुढं सरकत होती.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातले रॉबर्ट प्रोव्हाइन हे मेंदूशास्त्रज्ञ नेमकी हीच गोष्ट टिपत बाजारात, रस्त्यावर, महाविद्यालयाच्या आवारात फिरले. लोक नेमकं कशाला हसतात याच्या सुमारे १२०० नोंदी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोळा केल्या. विनोद म्हणता येईल असं काही ज्याच्या आधी घडलं होतं, असं हसू जेमतेम दहा-वीस टक्के निघालं. बाकीचं सगळं ‘बरं, येतो मग’, ‘तू पण ना’ अशा साध्या बोलण्यावरचं. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली: माणूस एकटा असतो त्यापेक्षा सोबतीत असताना सुमारे तीसपट जास्त हसतो. खुरपणीच्या त्या पातीवरही पहिला विनोद मोबाइलमधल्या बाईचा होता, पण पुढचा सगळा वेळ त्या बायका एकमेकींना हसत होत्या. प्रोव्हाइन त्या बांधावर असते तर त्यांची वही भरली असती.

त्या वेळी शरीरात काय घडत होतं, ते आता बघू. हसणं हा मुळात श्वासाचा खेळ आहे. पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू आकसतात आणि आतली हवा एका दमात जायच्या ऐवजी तुकड्यातुकड्यानं बाहेर फेकली जाते. ‘हा’ हा एक तुकडा सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही छोटा असतो. असे तुकडे एकामागून एक पडत गेले की छाती नेहमीपेक्षा जास्त रिकामी होते आणि मग माणूस खोल श्वास घेतो. नाडी वाढते, चेहरा लाल होतो, डोळ्यांतून पाणी येतं. हसू ओसरलं की स्नायू सैल पडतात. पोट धरून हसल्यावर उभं राहवत नाही, ते त्यामुळेच.

हसू दोन वाटांनी येतं. एक आतून उसळणारं, दुसरं ठरवून आणलेलं, आणि मेंदूत या दोघांचे रस्ते वेगळे आहेत. पक्षाघातानं ज्याच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आहे अशा काही रुग्णांना ‘हसून दाखवा’ म्हटलं तर तोंड वाकडंच राहतं, पण नातवानं काही गंमत केली की तोच चेहरा दोन्ही बाजूंनी फुलतो. घरच्यांना हा चमत्कार वाटतो. खरं तर हुकमाचा रस्ता बंद पडलेला असतो आणि भावनेचा शाबूत असतो. फ्रान्सच्या ड्युशेन या डॉक्टरानं १८६२ सालीच दाखवून दिलं होतं की मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचे स्नायूही आकसतात, आणि ते सहसा हुकमानं हलत नाहीत. खुरपणीवरच्या एकीचं तोंड पदरानं झाकलेलं होतं, तरी हसू दिसत होतं ते या डोळ्यांमुळे.

दुखणं सोसण्याची ताकद हसण्यानं वाढते, हे ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटानं २०१२ साली दाखवलं. लोकांना गटात बसवून विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि आधी व नंतर त्यांना कितपत वेदना सोसवते ते मोजलं. जे खळखळून हसले त्यांची सोसण्याची मर्यादा वाढली. नुसतं बरं वाटून फायदा झाला नाही, हसणं घडावं लागलं. २०१७ साली फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी याचा दुसरा पुरावा दिला. बारा जणांना त्यांच्या जिवलग मित्रांसोबत अर्धा तास हसू दिलं आणि मग मेंदूची तपासणी केली, तेव्हा मेंदू स्वतःच तयार करतो ती वेदनाशामक, अफूच्या जातीची द्रव्यं पाझरलेली आढळली. माणसं फक्त बारा होती, तेव्हा या एका प्रयोगावर मोठी इमारत उभारू नये. पण दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईची कंबर हसण्याच्या त्या वेळात कमी दुखत असणार, असं मानायला आता आधार आहे.

रक्तवाहिन्यांचंही तसंच. मेरीलँड विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ मायकल मिलर यांनी २००५ साली वीस निरोगी माणसांना एकदा विनोदी चित्रपटातला आणि एकदा युद्धाच्या चित्रपटातला भाग दाखवला आणि दंडातल्या रोहिणीतून रक्त कसं वाहतं ते पाहिलं. हसल्यावर प्रवाह सरासरी २२ टक्क्यांनी वाढला, ताणाच्या प्रसंगानंतर ३५ टक्क्यांनी घटला. ताण आला की शरीरात वाढतं त्या कॉर्टिसॉलबद्दल कॅनडा आणि ब्राझीलच्या संशोधकांनी २०२३ साली आठ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात एकूण ३१५ माणसं होती, आणि हसणाऱ्यांचं कॉर्टिसॉल न हसणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त उतरलं. ‘हसा आणि लठ्ठ व्हा’ असं आपल्याकडे म्हणतात, त्याला मात्र शास्त्राचा पाठिंबा नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं हसलं तर दहा ते चाळीस कॅलरी खर्च होतात, असं अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात मोजलं गेलं. म्हणजे पाव भाकरीचाही हिशेब लागत नाही. वजन उतरवायला हसू नका, त्यासाठी चालायलाच हवं.

या विषयावरची पुस्तकं ज्यांच्यापासून सुरू होतात ते नॉर्मन कझिन्स हे पत्रकार. १९६४ साली त्यांना सांधे आणि कणा जखडणारा आजार झाला. रुग्णालयातून बाहेर पडून ते विनोदी चित्रपट बघत राहिले आणि दहा मिनिटं पोट धरून हसल्यावर दोन तास वेदनेविना झोप लागते, असं त्यांनी लिहिलं. १९७६ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तो लेख आला आणि जगभर गाजला. ही गोष्ट मला आवडते, पण ती जशी सांगितली जाते तशी मी सांगणार नाही. ‘हसून आजार बरा झाला’ असं त्यातून सिद्ध होत नाही. कझिन्स त्याच वेळी ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेत होते, त्यांच्या निदानाबद्दलही पुढं शंका घेतली गेली. शिवाय एका माणसाचा अनुभव म्हणजे प्रयोग नव्हे. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की वेदनेत हसू आलं तर वेदना काही काळ हलकी होते. दुखणाऱ्या माणसाला तेवढंही खूप असतं.

जपानमधल्या यामागाता प्रांताचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे, कारण तोही शेतीवर जगणारा, म्हाताऱ्या माणसांचा प्रदेश. तिथल्या विद्यापीठानं चाळिशीपुढच्या १७,१५२ माणसांना ती किती वेळा मोठ्यानं हसतात ते विचारलं आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. महिन्यातून एकदाही न हसणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण आठवड्यातून निदान एकदा हसणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. आता यात आधीच आजारी असलेला माणूस कमी हसतो, ही शक्यता उरतेच. संशोधकांनी हिशेबात तिची दखल घेतली तरी ती पुरती पुसली जात नाही. पण प्रांताच्या विधिमंडळानं जुलै २०२४ मध्ये थेट नियमच केला: लोकांनी दिवसातून एकदा हसण्याचा प्रयत्न करावा, कामाच्या ठिकाणी हसतं वातावरण असावं, दर महिन्याची आठ तारीख हसण्याची. त्यावर तिथल्या काही लोकप्रतिनिधींनी आक्षेप घेतला, की आजारपणामुळे किंवा दुःखामुळे ज्याला हसता येत नाही त्यानं काय करायचं? हसावं की न हसावं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मला आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं पटतं. हसण्यासाठी जागा करून देणं हे समाजाचं काम आहे, हसण्याचा आग्रह धरणं नाही.

परभणी जिल्ह्यानं ही जागा पिढ्यान्‌पिढ्या करून दिली होती. हिवाळ्यात ज्वारी हुरड्याला आली की शेतात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजायची, गरम गरम चोळायची आणि हातावर घेऊन फुंकर मारायची. तिथं बसलेल्या माणसांची फिरकी घेतल्याशिवाय हुरडा पूर्ण होत नाही. मामा-भाचे, मेहुणे, व्याही, कुणीही सुटत नाही. एरवी ज्याच्यासमोर आवाज चढत नाही त्या थोरल्या काकांचीही त्या तासाभरात नक्कल होते आणि ते ती चालवून घेतात. पंचमीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर आणि फेरात सासरची उणीदुणी काढून मनसोक्त हसून घेतात. लग्नात विहिणीची खोड काढणारी गाणी असतात, दारावर रायरंद येतो आणि पोलिसाचं सोंग घेऊन घरमालकालाच दम भरतो. परभणीत तुराबुल हक यांच्या उरुसाला माणसांचा महापूर लोटतो आणि पाळण्यांच्या, खेळांच्या गर्दीत अख्खं कुटुंब एकत्र हसतं.

या सगळ्यांत मला सगळ्यात मोठं वाटतं ते भारूड. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात ते हातात घेतलं आणि गोदावरीच्या काठानं ते आमच्या गावोगाव पोचलं. सप्ताहात रात्री भारूड उभं राहतं तेव्हा फाटकं लुगडं नेसून, हातात केरसुणी घेऊन एक गडी बाईच्या सोंगात येतो. विंचू चावल्याचं सोंग असेल तर तो अशी काही लोळण घेतो की पुढं बसलेली पोरं मागं सरकतात. तो बायकांच्या बाजूला जाऊन एखाद्या आजीबाईंना "माय, तुमचा बी दादला असाच हाय का वो?" असं विचारतो आणि मंडप कोसळायचा बाकी राहतो. हसू पुरतं ओसरायच्या आत तो विंचू म्हणजे काम आणि क्रोध, असं सांगून मोकळा होतो. वर्षभर ज्यांच्यात बांधावरून बोलणं नसतं असे दोन भाऊबंद त्या मंडपात एकाच वेळी, एकाच गोष्टीला हसतात. भांडण तिथं मिटत नाही. पण पुढं कधी मिटायचं असेल तर त्याला लागणारी थोडी ऊब तिथं तयार होते.

संतांच्या गोष्टींतही हसू भरलेलं आहे. गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारत कच्चं मडकं कोणतं ते ठरवतात, आणि सगळे गप्प बसलेले असताना नामदेव तेवढे चिडतात. ही गोष्ट कीर्तनात ऐकताना आजही लोक पोट धरतात. तिथून नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. नामदेवांचं नर्सी आणि औंढा नागनाथ ही दोन्ही गावं १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होती. गंगाखेडच्या जनाबाई तर प्रत्यक्ष विठ्ठलाशी भांडतात, त्याला कामाला लावतात. देवाची थट्टा करण्याएवढी जवळीक ज्या भक्तीत आहे, तिला हसण्याचं वावडं कसं असेल?

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या विनोदात दखनी उर्दूचाही रंग मिसळला. दखनीतून विनोदी कविता करणाऱ्या शायरांना, विशेषतः सुलेमान खतीब यांना, या भागात मोठा मान मिळाला. मराठवाड्याची बोली साऱ्या महाराष्ट्राला हसवू शकते, हे लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगातून दाखवलं. ते औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. एकटा माणूस पन्नासहून अधिक पात्रं उभी करी आणि त्या प्रयोगाची नोंद गिनीज बुकात झाली. २००९ साली ते गेले. त्यांचं मोठेपण मला असं वाटतं, की त्यांनी गावच्या माणसांना हसवायला वापरलं, पण त्यांचं हसं केलं नाही. इथला माणूस तो प्रयोग पाहून खाली मान घालून घरी गेला नाही.

हा फरक या पुस्तकाचा कणा आहे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००३ साली विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. माणसं जोडणारा विनोद, अडचणीत स्वतःला सावरणारा विनोद, दुसऱ्याला टोचणारा विनोद आणि इतरांना खूश ठेवण्यासाठी स्वतःलाच कमी लेखणारा विनोद. पहिल्या दोहोंशी चांगलं मनःस्वास्थ्य जोडलेलं दिसतं. बाकीच्या दोहोंचा सूर वेगळा: टोचणाऱ्या विनोदाशी राग आणि वैर निगडित आढळतं, स्वतःला कमी लेखणाऱ्याशी खिन्नता. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात स्मितापासून अतिहसितापर्यंत हसण्याचे सहा प्रकार सांगितले, आणि स्वतः हसणं व दुसऱ्याला हसवणं असा भेदही केला. विषय इतका जुना आहे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आम्ही स्वतःच पाहुण्यांना सांगतो आणि हसतो. ते हसू सावरणारं आहे. बाहेरून आलेला अधिकारी बदली झाली म्हणून तीच म्हण तोंड वाकडं करून म्हणतो, तेव्हा ती टोचते.

शाळेत तोतरं बोलणाऱ्या पोराची नक्कल, रंगावरून, जातीवरून, अंगकाठीवरून केलेली ‘गंमत’, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात बायकोवर केलेले तेच ते विनोद, यांनाही आपण हसणंच म्हणतो. ज्याच्यावर हसलं जातं त्याच्या शरीरात त्या वेळी ताणच वाढत असतो. वर्गात अशा प्रसंगी शिक्षक स्वतः हसले तर ते पोर आयुष्यभर विसरत नाही. शिक्षकांना मी कळकळीनं विनंती करतो, की अशा वेळी हसू नका.

आणि कुणाला हसायला मनाई आहे, तेही बघा. "काय दात काढतीस?" हे वाक्य आमच्याकडे मुलीला कळायला लागल्यापासून ऐकावं लागतं. सुनेनं मोठ्यानं हसलं तर घरंदाजपण गेलं, विधवेनं हसलं तर चारचौघांत बोलणं झालं. शेतात, पाणवठ्यावर, पंचमीच्या झोक्यावर बायका इतक्या भरभरून हसतात, कारण घरात ती सोय नसते. आता नळ दारात आला, ही चांगलीच गोष्ट झाली. खुरपणीऐवजी तणनाशक आलं, त्यानं कंबरेचा त्रास वाचला. पण त्यासोबत बायकांच्या एकत्र हसण्याच्या दोन जागा गेल्या आणि त्यांच्या बदली तिसरी कुणी उभी केली नाही. पुरुषांचंही फार बरं नाही. पारावर आठजण बसलेले दिसतात, आठांच्या हातात मोबाइल. एखादी विनोदी चित्रफीत पाहून नाकातून थोडी हवा सुटते, अंगठा वर सरकतो. त्यात गैर काही नाही, पण त्यानं हसल्याचा फायदा मिळत नाही. तीच चित्रफीत शेजाऱ्याला दाखवली आणि दोघं मिळून हसले तर मिळतो.

शहरांतली पोकळी ज्यांनी ओळखली त्यांत मुंबईचे डॉ. मदन कटारिया यांचं नाव पहिलं. १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच माणसांना घेऊन त्यांनी हास्यक्लब सुरू केला. आधी रोज विनोद सांगत. थोड्याच दिवसांत ते संपले आणि उरलेले काहींना लागू लागले. तेव्हा विनोदाशिवाय, टाळ्या आणि श्वासाच्या व्यायामाबरोबर हसायची रीत निघाली. त्यांच्या पत्नी माधुरीताई योग शिकवत, त्यातून या रीतीला हास्ययोग हे रूप आलं. आज ती जगभर पोचली आहे आणि मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्यदिन म्हणून पाळला जातो. पुण्यात विठ्ठल काटे यांनी उभा केलेला नवचैतन्य हास्ययोग परिवार आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना चांगलाच परिचित आहे. परभणीतही सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर फिरायला येणाऱ्यांत हात वर करून हसणारी मंडळी असतात, आणि नव्यानं पाहणाऱ्याला ते विचित्र वाटतं. ठरवून आणलेल्या हसण्याचा आतून आलेल्या हसण्याइतकाच लाभ होतो का, याचा निकाल अजून लागलेला नाही. मला त्या मंडळींत दिसतं ते वेगळंच. निवृत्त झालेला, जोडीदार गमावलेला माणूस सकाळी साडेपाचला उठतो, कारण सहाला कुणीतरी त्याची वाट पाहत असतं. एक दिवस गेला नाही तर दुपारपर्यंत फोन येतो. सुरुवातीचं हसू ओढून आणलेलं असतं, पण समोरच्याचा चेहरा पाहून ते दोन मिनिटांत खरं होतं.

आरोग्याच्या पुस्तकात सावधगिरीही यायला हवी. २०१३ साली ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात हसण्याचे फायदे आणि तोटे दोन्ही तपासणारा लेख आला होता. हसण्यानं दम्याचा झटका, हर्नियाचा त्रास, लघवी सुटणं, क्वचित भोवळ येणं हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेल्यानं, हर्निया असलेल्यानं, रक्तदाब किंवा हृदयविकार आटोक्यात नसलेल्यानं, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बाईनं जोराच्या हास्यव्यायामाआधी डॉक्टरांना विचारावं. बाळंतपणानंतर हसताना लघवी सुटते म्हणून हसणंच सोडलेल्या बायका आमच्या गावांत आहेत. त्यावर स्नायूंचे साधे व्यायाम असतात, लाज न बाळगता आरोग्य केंद्रात बोलावं.

याहून महत्त्वाचं मनाबद्दल. खिन्नतेच्या आजारात माणसाचं हसू आधी जातं, आणि त्याला ‘हास रे, काय तोंड पाडून बसलास’ असं म्हणणं क्रूरपणाचं आहे. काही माणसं तर चारचौघांत सगळ्यांना हसवतात आणि आतून बुडत असतात. झोप उडाली, जेवण तुटलं, माणूस निरवानिरवीचं बोलू लागला तर त्याला विनोद सांगत बसू नका. शेजारी बसा, विचारा, ऐका आणि दवाखान्यात घेऊन जा. मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात आशाताईंना असा माणूस ओळखायला शिकवलं आहे. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमानं वाचली तरी चालतील. शास्त्रात रस नसेल त्यानं ती पानं ओलांडून हुरड्याच्या, भारुडाच्या आणि बायकांच्या गाण्यांच्या प्रकरणांकडे जावं. आजारी माणसाच्या घरच्यांनी सावधगिरीचं प्रकरण आधी वाचावं. शिक्षकांसाठी एक वेगळं प्रकरण आहे, ते छोटं आहे पण मी त्यावर सर्वांत जास्त वेळ घालवला.

एक मागणी मात्र इथंच करून ठेवतो, कारण सप्ताह समित्यांची बैठक पुस्तक वाचून होण्याची वाट पाहणार नाही. बहुतेक गावांत भारूड हरिकीर्तनानंतर, रात्री अकरा-साडेअकराला उभं राहतं. तोवर सकाळी पाचला उठलेल्या बायका लेकरं खांद्यावर टाकून घरी गेलेल्या असतात, म्हातारी माणसं पेंगुळलेली असतात आणि मंडपात उरतात ती तरणी पोरं. सप्ताहातली एक रात्र तरी भारूड आठ वाजता घ्या आणि कीर्तन त्याच्यानंतर. बायकांना पुढची जागा द्या. जेवणाच्या पंगती त्या दिवशी पुरुषांनी वाढाव्यात, म्हणजे स्वयंपाकघरातल्याही बाहेर येऊन बसतील.